प्राश्निक, प्रेक्षक आणि काळा पडदा

फेब्रुवारी २००९ मध्ये पायोनियर या जपानी कंपनीने दूरचित्रवाणी संचांच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. या कंपनीने २००७ साली 'कुरो' या नावाने प्लाझ्मा संचांची एक मालिका बाजारात आणली होती आणि पुढच्याच वर्षी तिची सुधारलेली पिढी आली होती. जपानी भाषेत 'कुरो' म्हणजे काळा. रंगीत चित्रे दाखवणाऱ्या यंत्राचे नाव 'काळा' ठेवण्यात एक प्रकारचा तोरा होता, आणि तो अस्थानी नव्हता. रात्रीच्या दृश्यातला काळोख या पडद्यावर खरोखर काळोखासारखा दिसे, राखाडी धुक्यासारखा नव्हे. परीक्षकांनी या संचांची जी स्तुती केली तिला यंत्रपरीक्षणाच्या कोरड्या प्रांतात तोड नाही. उत्पादन थांबल्यानंतरही कित्येक वर्षे काही परीक्षक नव्या संचाशी तुलना करण्यासाठी जुना कुरो शेजारी ठेवीत. साहित्यात एखादी कृती अभिजात ठरते म्हणजे याहून वेगळे काय होते? फरक इतकाच, की येथे पुढची आवृत्ती निघाली नाही.

ती का निघाली नाही, याची कारणे बाजाराच्या भाषेत सांगता येतात. संच महाग होता, वजनाला जड होता, वीज अधिक खात होता. पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिल्यास त्याचा डाग कायमचा उमटेल ही भीती प्लाझ्माला चिकटली होती. शेजारी एलसीडी पडद्यांच्या किमती भराभर उतरत होत्या. हे सारे खरे आहे. परंतु ज्यांनी एलसीडी घेतला त्यांनी नाइलाज म्हणून घेतला असे दिसत नाही. 'चित्र अधिक चांगले दिसते' म्हणून घेतला, असे सांगणारे पुष्कळ होते. म्हणजे तज्ज्ञ आणि ग्राहक यांचा मतभेद किमतीपुरता नव्हता, चित्राविषयीही होता. एकाच चित्राविषयी.

या मतभेदाची दोन तयार उत्तरे आपल्यापाशी असतात, कारण साहित्यव्यवहारात आपण ती रोज वापरतो. समीक्षकांनी वाखाणलेला काव्यसंग्रह पडून राहतो आणि ज्या कादंबरीचा ते उल्लेखही करीत नाहीत तिच्या आवृत्त्या निघतात, तेव्हा एक पक्ष म्हणतो की वाचकाची अभिरुची घडलेली नाही. दुसरा म्हणतो की समीक्षकाचा जगण्याशी संबंध तुटलेला आहे. आम्हांस ही दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. दूरचित्रवाणी संचाचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो आहोत ते यासाठी, की येथे 'अभिरुची' या शब्दामागे लपता येत नाही. प्रकाश मोजता येतो. आणि मोजता येत असूनही भांडण मिटत नाही.

भांडण आहे हे मात्र आकड्यांनी दाखवून झाले आहे. बार्ट द लांग, फिलिप फर्नबाख आणि डोनाल्ड लिक्टनस्टाइन या तीन अभ्यासकांनी २०१६ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १२० प्रकारांतल्या १,२७२ वस्तू त्यांनी घेतल्या. अ‍ॅमेझॉनवर ग्राहकांनी त्यांना दिलेले तारे एका बाजूला मांडले आणि 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी मासिकाच्या चाचण्यांतले गुण दुसऱ्या बाजूला. दोहोंचा मेळ फारच अशक्त निघाला. शिवाय महाग वस्तूंना आणि नामवंत कंपन्यांच्या वस्तूंना ग्राहक थोडे अधिकच तारे देतात, असेही आढळले. त्याच नियतकालिकात यावर आक्षेपही छापले गेले. त्यांतला मुख्य असा, की प्रयोगशाळेचा गुण म्हणजेच वस्तूची खरी गुणवत्ता हे गृहीत का धरायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी प्रयोगशाळेचा गुण हा प्रकार मुळात आला कोठून, हे पाहावे लागते.

तो आला एका पुस्तकातून. १९२७ साली स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांचे 'युअर मनीज वर्थ' प्रसिद्ध झाले. श्लिंक हे अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत काम केलेले अभियंते होते. त्यांचे म्हणणे साधे होते: सरकार जेव्हा साबण, रंग किंवा टंकलेखनयंत्रे विकत घेते तेव्हा ती तपासून घेते, नागरिकाला मात्र जाहिरातीवर विसंबावे लागते. मग तपासणीचे ते शास्त्र नागरिकालाही का मिळू नये? या विचारातून १९२९ मध्ये 'कन्झ्युमर्स रिसर्च' ही संस्था उभी राहिली. १९३५ मध्ये तिच्याच कर्मचाऱ्यांनी संप केला आणि त्यांतल्या काहींनी १९३६ मध्ये 'कन्झ्युमर्स युनियन' स्थापन केली. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे तिचे मासिक. (ग्राहकांना न्याय मिळवून देणाऱ्या संस्थेत कामगारांना न्याय मिळत नव्हता, ही गोष्ट चळवळींच्या इतिहासात अपूर्व नाही.) या मासिकाने दोन नियम पाळले. जाहिरात घ्यायची नाही, आणि तपासायची वस्तू कंपनीकडून मागवायची नाही, दुकानातून पैसे देऊन घ्यायची.

तज्ज्ञाचे हे कठोर सोवळे आदरणीय आहे. पण सोवळ्यात काही गोष्टींना शिवायचे नसते, आणि येथेही तसेच झाले. वस्तूंची तुलना न्याय्य व्हायची तर सर्व वस्तू एकाच परिस्थितीत ठेवल्या पाहिजेत. म्हणून घराघरांतला फरक वगळला गेला. आणून देणारा माणूस, दुरुस्ती करणारा माणूस, खिडकीतून येणारे ऊन, स्वयंपाकघरातला मिक्सर, हे सारे दाराबाहेर राहिले. हे वगळणे म्हणजे चूक नव्हे; चाचणीची ती अटच आहे. आणि मासिकाला ते कळत नव्हते असेही नाही. वाचकांकडून दरसाल प्रश्नावल्या भरून घेऊन कोणती वस्तू किती वेळा दुरुस्तीला गेली याची दुसरी वही ते अनेक दशके ठेवीत आले. एका वहीत अभियंत्याचा गुण, दुसरीत वाचकाचा अनुभव. दोन वह्यांचा मजकूर जुळलाच पाहिजे असा आग्रह त्या काळी कोणी धरला नव्हता.

आता या इतिहासाची एक दुसरी बाजू पाहू. ज्या मानकांवर बोट ठेवून तज्ज्ञ आज संचाला गुण देतो, ती मानके ठरवताना डोळे कोणाचे वापरले गेले? पडद्यावर किती आडव्या रेषा असल्या म्हणजे चित्र पुरेसे स्पष्ट वाटते, याचा अभ्यास आरसीए कंपनीच्या ई. डब्ल्यू. एंगस्ट्रॉम यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. १९४० मध्ये बेल प्रयोगशाळेच्या एम. डब्ल्यू. बाल्डविन यांनी चलच्चित्रे मुद्दाम कमी-अधिक धूसर करून, माणसाला धूसरपणातला फरक कोठे कळतो आणि कोठे कळेनासा होतो, हे तपासले. म्हणजे अमुक इतक्या रेषा हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. पाहणाऱ्यांना 'एवढे पुरे' वाटले, तेथे रेघ ओढली गेली.

याहून बोलका दस्तऐवज म्हणजे दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस क्रमांक ५००. १९७४ साली प्रथम स्वीकारलेली ही शिफारस दूरचित्रवाणीच्या चित्राची प्रत माणसांकडून कशी ठरवून घ्यावी ते सांगते. तिच्या २००२ च्या आवृत्तीत म्हटले आहे की निदान पंधरा पाहणारे असावेत, आणि ते तज्ज्ञ नसावेत. चित्राची प्रत तपासणे हे ज्यांचे रोजचे काम आहे अशी माणसे नकोत. कारण उघड आहे. तज्ज्ञाची नजर दोषावर आधी जाते. प्रसारणाच्या चित्रातला जो बिघाड घरच्या माणसाला वर्षभरात दिसणार नाही, तो त्याला पहिल्या मिनिटात दिसतो, आणि एकदा दिसला की त्याला तो न पाहणे जमत नाही. या शिफारशीत दोषासाठी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे. मराठीत ती अशी होईल: जाणवत नाही, जाणवतो पण खुपत नाही, किंचित खुपतो, खुपतो, फार खुपतो. यातली दुसरी पायरी आम्हांस फार मोलाची वाटते. जाणवणे आणि खुपणे यांत अंतर आहे, हे अभियंत्यांनी नियमात लिहून ठेवले आहे. समीक्षेच्या कोणत्या ग्रंथात ते इतक्या स्वच्छपणे लिहिलेले आहे, आम्हांस आठवत नाही.

त्याच आवृत्तीत पाहण्याच्या खोलीचेही दोन प्रकार सांगितले आहेत: एक प्रयोगशाळेतली खोली, जवळजवळ अंधारी, दुसरी घरातली, जिच्यात पडद्यावर २०० लक्स इतका उजेड पडतो. या दोन खोल्यांतच कुरोचे रहस्य आहे. थोडे गणित करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रमाण खऱ्याला धरून आहे.

प्लाझ्माच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो. काळे दाखवायचे तेव्हा तो जवळजवळ विझतो. एलसीडीत मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचे ठिपके झडपांसारखे त्याचा प्रकाश अडवतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. उलट तो मागचा दिवा हवा तितका प्रखर करता येतो, तसे प्लाझ्माचे होत नाही. समजा, प्लाझ्माचा पांढरा १०० आहे आणि काळा ०.०१; एलसीडीचा पांढरा ३०० आहे आणि काळा ०.१. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर प्लाझ्मात दहा हजारास एक, एलसीडीत तीन हजारास एक. प्लाझ्मा तिपटीहून सरस. आता दिवा लावा, किंवा पडदा सरकवून दुपार आत येऊ द्या. समजा, खोलीतला उजेड पडद्याच्या काचेवरून परावर्तित होऊन दोन्हीकडे सारखाच २ ने वाढला. प्लाझ्माचा पांढरा १०२, काळा २.०१; गुणोत्तर सुमारे ५१. एलसीडीचा पांढरा ३०२, काळा २.१, गुणोत्तर सुमारे १४४. निकाल उलटला. ज्या काळ्यासाठी अभियंत्यांनी वर्षे घातली तो खोलीतल्या दिव्याने एका क्षणात पुसून टाकला. आणि प्लाझ्माच्या काचा बहुधा चकचकीत असत, एलसीडीचे पडदे पुष्कळदा मंद पोताचे. म्हणजे परावर्तनही सारखे नसे, प्लाझ्माकडे अधिकच.

तज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत बसून जे म्हणाला ते तंतोतंत खरे होते. ग्राहक दिव्याखाली बसून जे म्हणाला तेही तंतोतंत खरे होते. यात घडलेली-न घडलेली अभिरुची कोठेच आली नाही. प्रश्न एवढाच उरतो, की परीक्षणाची खोली कोणती हे कोणी ठरवले, आणि निकाल छापताना खोलीचे वर्णन त्याच्याबरोबर छापले की नाही.

काही परीक्षक ते छापीत. पण तारे मोजून वाचणाऱ्याला वर्णन वाचण्याची गरज वाटत नाही, आणि ही सवय संचापुरती मर्यादित नाही.

दुकान ही तिसरी खोली. ती प्रयोगशाळेहून वेगळी आणि घराहूनही वेगळी. झगझगीत दिवे, भिंतीवर ओळीने वीस-तीस पडदे, सर्वांवर तेच फूल उमलते आहे. अशा ठिकाणी जो सर्वांत उजळ तो डोळ्यात भरतो. म्हणून कंपन्या दुकानासाठी प्रकाश आणि निळसर झाक वाढवलेली एक वेगळी स्थितीच संचात घालून देतात. नवा संच सुरू करताना 'घर की दुकान' असे तो विचारतो ते यामुळे. तज्ज्ञ संच घरी नेल्यावर पहिले काम करतो ते ही सारी आतषबाजी बंद करून पांढरा रंग मानकाप्रमाणे लावण्याचे. बहुतेक ग्राहक मात्र मांडणीला हात लावीत नाहीत. ते दुकानात पाहिलेलेच घरी पाहतात. मग दोघांनी एकाच संचाचे परीक्षण केले असे तरी कसे म्हणावे?

शेजारी ठेवून पाहणे आणि एकटे पाहणे यांतला भेद क्रिस्टोफर शी या मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये शब्दकोशांच्या उदाहरणाने दाखवला, ते साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. एक कोश दहा हजार शब्दांचा, कोरा करकरीत. दुसरा वीस हजार शब्दांचा, पण मुखपृष्ठ फाटलेले. दोन्ही समोर ठेवले की लोक दुसऱ्याला अधिक किंमत देऊ करतात. शब्द दुप्पट आहेत हे दिसते. पण एकेका गटाला एकेकच कोश दाखवला की पहिल्याला अधिक किंमत येते. वीस हजार शब्द म्हणजे पुष्कळ की थोडे हे एकट्याने कळत नाही. फाटलेले मुखपृष्ठ मात्र कोणालाही कळते. दूरचित्रवाणीच्या परीक्षकापुढे एकाच वेळी पाच-सहा संच असतात, म्हणून त्याला शब्दसंख्या दिसते. ग्राहकाच्या घरात एकच संच असतो, आणि त्याची तुलना भिंतीवरून नुकत्याच उतरवलेल्या दहा वर्षांच्या जुन्या संचाशी. त्या तुलनेत प्रत्येक नवा संच उत्तमच. म्हणून ग्राहकांचे तारे वरच्या टोकाला गोळा होतात. आणि खालच्या टोकाला जे गोळा होतात ते फाटलेल्या मुखपृष्ठांविषयी असतात: खोके चेपलेले आले, भिंतीवर बसवणारा माणूस तीन दिवस फिरकला नाही, रिमोटची बटणे अंधारात सापडत नाहीत, तिसऱ्या महिन्यात पडद्यावर उभी रेघ आली.

अशा अभिप्रायांना तज्ज्ञ हसतात. त्यांनी नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय पाहावा. प्रयोगाची सिद्धी कशाने होते आणि कशाने बिघडते, याची चर्चा तेथे आहे. बिघडवणाऱ्या गोष्टींना भरत 'घात' म्हणतो, आणि दैवी घातांत वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मंडप कोसळणे, किडे, मुंग्या, पशू आत शिरणे अशी यादी देतो. नाटक कितीही चांगले असो, प्रेक्षागृहात हत्ती शिरला तर प्रयोग सिद्धीस गेला नाही, इतके व्यवहारज्ञान त्या शास्त्रकाराला आहे. पण हा घात नटाच्या खात्यावर टाकायचा नाही, हेही त्याला माहीत आहे. नटाच्या स्वतःच्या चुकांची गणना तो वेगळी करतो. चेपलेले खोके हा संचाच्या प्रवासातला दैवी घात आहे. तारे देणारा माणूस तो संचाच्या खात्यावर टाकतो, कारण तारे देण्यासाठी त्याला एकच खाते दिलेले आहे.

आपल्याकडे तर या घातांचे राज्यच होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे पुण्याला सिंहगडावरून प्रक्षेपण मिळू लागले. गच्चीवरचा अँटेना फिरवणारा मुलगा आणि खिडकीतून 'आलं, आलं... गेलं' असे ओरडणारा दुसरा, ही त्या काळातली चित्रपरीक्षणाची पद्धत. रंग आले १९८२ मध्ये. तेव्हा चांगला संच कोणता, याचे उत्तर व्होल्टेज उतरले तरी चित्र आकसत नाही तो, आणि ज्याचा दुरुस्तीवाला गावात आहे तो. काळ्याची खोली विचारण्याची चैन कोणाला होती? मुंबईत १९६६ मध्ये 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' आणि १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यांच्यापुढचे प्रश्न भेसळीचे, वजनमापाचे, वितरणाचे होते. आणि संचांच्या बाबतीत १९८० च्या दशकात सर्वांत प्रभावी ठरलेला परीक्षक तज्ज्ञही नव्हता आणि ग्राहकही नव्हता. तो शेजारी होता. ओनिडाच्या जाहिरातीतल्या शिंगे-शेपटीवाल्या सैतानाने चित्राच्या प्रतीविषयी चकार शब्द न काढता शेजाऱ्याचा हेवा हाच संचाचा गुण म्हणून विकला. महाग आणि नामांकित वस्तूला ग्राहक अधिक तारे देतात, हा २०१६ चा निष्कर्ष वाचताना आम्हांस तो सैतान आठवला.

नाव झाकले तर काय होते? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या लेखी अभिप्रायांवर १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' लिहिले, हे आपण वर्गात शिकवतो. विद्यार्थी किती घसरले हे सांगून आपण थांबतो. पण अभिप्राय लेखी मागितल्यामुळे काही बिघडले का, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. टिमथी विल्सन आणि जॉनथन स्कूलर यांनी १९९१ मध्ये तो जॅमच्या बाबतीत विचारला. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्याच तज्ज्ञांनी क्रम लावलेले स्ट्रॉबेरीचे पाच जॅम त्यांनी विद्यार्थ्यांना चाखायला दिले. ज्यांनी नुसते चाखून गुण दिले त्यांचा क्रम तज्ज्ञांशी बराच जुळला. ज्यांना आधी आवडी-नावडीची कारणे लिहायला लावली त्यांचा क्रम तज्ज्ञांपासून दूर गेला. कारणे लिहायची म्हटल्यावर माणूस जे शब्दांत सापडते ते लिहितो आणि मग त्याच कारणांना धरून गुण देतो. काळ्या रंगाची खोली शब्दांत सापडत नाही. रिमोटची बटणे सापडतात. तज्ज्ञाची खरी मिळकत त्याची जीभ किंवा डोळा नसून त्याने कमावलेला शब्दसंग्रह आहे, असा याचा अर्थ आम्ही लावतो. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो. त्या आरशात दिसलेले सांगायला लागणारी परिभाषा ही आणखी निराळी कमाई आहे, आणि ती नसलेल्या वाचकाला आपण दर परीक्षेत 'सकारण लिहा' असे फर्मावतो.

येथवर तज्ज्ञ अंधारात का होईना पण वस्तुनिष्ठ राहिला. एका बाबतीत मात्र त्याचा पक्ष उघड होतो. नव्या संचांत दोन चित्रांच्या मध्ये गणिताने बनवलेली चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. चित्रपट बोलू लागला तेव्हापासून सेकंदाला २४ चित्रे हा प्रघात पडला. त्या किंचित थरथरीलाच आपण सिनेमाचे रूप मानत आलो. अमेरिकेत दुपारच्या कौटुंबिक मालिका व्हिडिओवर चित्रित होत आणि अधिक गुळगुळीत दिसत, म्हणून या सोयीच्या परिणामाला तेथे 'सोप ऑपेरा इफेक्ट' असे तुच्छतादर्शक नाव मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी एक चित्रफीत काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली. ऑगस्ट २०१९ मध्ये 'फिल्ममेकर मोड' नावाची स्थितीच जाहीर झाली, जी लावली की संच आपली कारागिरी आवरती घेतो आणि दिग्दर्शकाला अभिप्रेत असलेले चित्र दाखवतो. परीक्षकांनी तिचे स्वागत केले. अनेक घरांत मात्र गुळगुळीत चित्र चालूच राहिले; क्रिकेटचा चेंडू त्यात बरा दिसतो.

लेखकाच्या हेतूला कृतीच्या अर्थावर हक्क नाही, हे विम्झट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्ये मांडले. १९६७ मध्ये बार्थने लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. आणि येथे लेखक स्वतः दिवाणखान्यात येऊन रिमोट मागतो आहे, व तज्ज्ञ तो त्याच्या हाती देतो आहे. हा पक्ष घेण्यासारखा आहे असे आम्हांसही वाटते, कारण २४ चित्रांसाठी रचलेली हालचाल त्याच लयीत पाहण्यात अर्थ आहे. पण तो पक्ष आहे. २४ हा आकडा ध्वनिपट्टीच्या आणि खर्चाच्या सोयीने ठरला. त्याचे सौंदर्य नंतर सवयीने घडले. २०१२ मध्ये पीटर जॅक्सन यांनी 'द हॉबिट' सेकंदाला ४८ चित्रांनी दाखवला तेव्हा अनेक समीक्षकांना तो चित्रपट वाटेना. हा 'खुपणे' या पायरीवरचा दोष होता. मोजपट्टीवर मात्र ४८ हे २४ च्या दुप्पट होते.

भरताच्या त्याच अध्यायात प्रयोगाविषयी वाद झाल्यास निवाडा करणारे प्राश्निक सांगितले आहेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणकार, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञवेत्त्याने बोलायचे, धनुष्य हाती घेतले ते बरोबर की नाही ते धनुर्धराने पाहायचे, राजाची ऐट राजाने. सर्वांचे गुण मिळवून सरासरी काढायची, असे भरत सांगत नाही. प्रेक्षकांबद्दलही तो बोलतो: तरुण शृंगारात रमतो, विरक्त मोक्षात, शूर वीररसात, वृद्ध पुराणकथेत. कोणा एकापाशी सारे असेल ही अपेक्षाच त्याने ठेवलेली नाही.

प्लाझ्माचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पॅनासॉनिकने ऑक्टोबर २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवत असल्याचे जाहीर केले आणि डिसेंबरात उत्पादन बंद केले. सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले. ज्या रात्री घरातले दिवे मालवून कोणी चित्रपट पाहिला असता त्या रात्रींपुरते तज्ज्ञाचे म्हणणे घरातही खरे होते. पण दुकानात रात्र नसते, आणि संच दुकानात निवडला जात होता. एलजीने जानेवारी २०१३ मध्ये ५५ इंची ओएलईडी संच विक्रीस आणला. त्यातला प्रत्येक ठिपका पुन्हा स्वतःच प्रकाश देतो आणि काळ्यासाठी पूर्ण विझतो. परीक्षकांना त्यांचा काळा रंग परत मिळाला. आता त्यांच्यासमोर मागच्या दिव्याचे शेकडो लहान तुकडे करून ते वेगवेगळे मंद करणारे, अतिशय उजळ एलसीडी संच आहेत, आणि उन्हाच्या खोलीसाठी कोणता घ्यावा असे विचारले की पुष्कळ परीक्षक स्वतःच त्यांच्याकडे बोट दाखवतात. खोली कोणती, हे आता ते आधी विचारतात.